चाळिसावा भाग

हे सावकाश वाचा. एखाद्या परिच्छेदापाशी मन अडखळलं तर तिथेच बसून राहा. रमजानच्या एखाद्या रात्री तरावीहची नमाज झाल्यावर बँकेचं पासबुक, दुकानाची वही आणि कपाटातला दागिन्यांचा डबा समोर घेऊन अनेक घरांत जकातीचा, म्हणजे साठलेल्या संपत्तीतून काढायच्या अनिवार्य वाट्याचा, हिशेब होतो. रकमेला चाळीसने भागलं, आकडा मिळाला, की सुटल्यासारखं वाटतं. तो आकडा मिळण्याआधी ज्या पायऱ्या उतराव्या लागतात, त्यांतल्या एकेकीवर आज थोडं थांबू. तुम्ही मुसलमान असाल तर यातलं पुष्कळ सवयीचं असेल. नसाल तरी बसा. आपल्याच घरात साठलेल्या पैशाकडे टक लावून पाहणं कुणालाच सोपं जात नाही.

पहिल्यांदा एक तारीख आठवा. ज्या दिवशी तुमची शिल्लक पहिल्यांदा निसाबला, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेला, पोचली तो दिवस. तिथून एक चांद्र वर्ष, सुमारे ३५४ दिवस, उलटलं की जकात फर्ज, म्हणजे बंधनकारक, होते. पुष्कळांना तो दिवस सांगता येत नाही, म्हणून ते रमजानमधली एखादी तारीख कायमची धरून ठेवतात. जे ३१ मार्च धरतात त्यांचे दरवर्षी अकरा दिवस निसटतात, आणि साधारण तेहतीस वर्षांत एक अख्खी जकात बुडते. इंग्रजी वर्षावरच हिशेब ठेवायचा असेल तर अडीचऐवजी सुमारे २.५८ टक्के द्यावेत, असं आजचे अनेक जाणकार म्हणूनच सांगतात. या अकरा दिवसांवर थोडं थांबा. कुणाचा तरी हक्क इतक्या बारीक फटीतून गळू शकतो, आणि गळताना आवाजही होत नाही.

आता त्या तारखेला स्वतःला विचारा, माझ्याकडे काय उरलं आहे? कमावलं किती, हे जकात विचारत नाही. प्राप्तिकर कमाईवर बसतो, जकात शिल्लकीवर. वर्षभर भरपूर मिळवून ते सगळं आईच्या आजारपणात आणि भावाच्या शिक्षणात ज्याचं गेलं, त्याच्यावर एक पैसाही फर्ज होत नाही. कमी मिळवून ज्याने साठवलं, त्याच्यावर होतो. म्हणजे विचारणा पैशाच्या थांबण्याविषयी आहे. तो माझ्यापाशी का थांबला? भीतीने? मुलीच्या लग्नासाठी? की नुसताच, लक्ष न गेल्यामुळे? उत्तर कुणाला द्यायचं नाही. मनात उमटू द्या, इतकंच.

आणि हेही पाहा, हिशेबात काय काय येतच नाही. राहतं घर येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कामावर जायची दुचाकी, सुताराची करवत आणि रंधा, शिंप्याचं शिवणयंत्र, आलिमाची पुस्तकं, नांगराचा बैल, यांतलं काहीच नाही. हनफी मसलकाच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या एका परंपरेच्या, हिशेबात डोक्यावरचं देणंही वजा होतं. जगायला आणि राबायला जे लागतं त्याभोवती शरीयतने कुंपण घातलं आहे. त्या कुंपणाबाहेर जे उरतं, म्हणजे रोकड, सोनं-चांदी, दुकानातला विक्रीचा माल आणि परत मिळण्याची आशा असलेली उधारी, तेवढंच ताटात ठेवायचं. बहुतेकांना हे कळल्यावर हायसं वाटतं. मग ताटात उरलेलं पाहिल्यावर थोडं अवघडायला होतं, कारण ते खरोखरच गरजेचं नव्हतं हे आता उघड झालेलं असतं.

निसाबची मापं पैगंबरांच्या मदिनेतल्या काळातली आहेत, वीस दीनार सोनं किंवा दोनशे दिरहम चांदी. आपल्याकडे ती साडेसात तोळे सोनं आणि साडेबावन्न तोळे चांदी अशी पाठ असतात. तोळा इथे जुना, ११.६६४ ग्रॅमचा. सराफाचा दहा ग्रॅमचा तोळा धरला तर गणित चुकतं. सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम.

सोन्याशी आलोच आहोत तर दागिन्यांपाशी थांबू. मुंबईत एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरं आहेत अशी कल्पना करा. एक घर रत्नागिरीकडचं, कोकणी मुसलमानांचं, शाफई मसलकाचं. दुसरं मराठवाड्यातून आलेलं, हनफी. दोन्हीकडच्या बायकांच्या हातात सारख्याच बांगड्या. शाफईंच्या प्रचलित मतानुसार रीतसर वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. हनफींमध्ये आहे, बांगडी रोज हातात असली तरी. दोघी आपापल्या जागी फर्ज नीट पाळत असतात, आणि एकीने दुसरीला चूक ठरवायचं कारण नसतं. तुम्ही दोन्हींपैकी कुठल्याही दारातले असा, डब्यातला सगळ्यात जुना दागिना मनात आणा. तो कुणी दिला, कितीदा घातला, आणि किती वर्षं तो कुणाच्याही उपयोगी न पडता मखमलीत झोपून आहे.

पण इथे एक गोष्ट मला सलते आणि तिच्यावरून पटकन पुढे जाऊ नये. पैगंबरांच्या काळात वीस दीनार आणि दोनशे दिरहम जवळपास सारख्याच किमतीचे होते. आज चांदीचा निसाब सोन्याच्या निसाबाच्या कितीतरी खाली आहे. आता नवरा गेलेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. दोन तोळे सोनं, मुलीसाठी राखलेलं. शिवणकामातून वाचवलेले चार-पाच हजार रुपये. नुसतं सोनं धरलं तर ती साडेसात तोळ्यांच्या खूप खाली आहे. पण हनफी पद्धतीत सोनं आणि रोकड एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडतात, आणि त्या मापाने ती साहिबे-निसाब, म्हणजे निसाब गाठलेली, ठरते. तिने जकात द्यायची, आणि घ्यायची तर तिला मुभाच राहत नाही. चांदीचं माप धरण्यामागचा हेतू चांगला आहे. देणारे वाढावेत, गरिबांना अधिक पोचावं. तरीही ज्यांच्यासाठी ते केलं त्यांच्यातल्याच एकीवर भार पडतो. युसुफ अल-करदावी यांनी जकातीवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात आजच्या काळासाठी सोन्याचा निसाब धरण्याच्या बाजूने मत मांडलं, त्यामागे हीच कळकळ आहे. माझं मन त्या बाईच्या बाजूने आहे. निर्णय मुफ्तींनी द्यायचा. आपण निदान एवढं करू शकतो की निसाबच्या रेषेजवळ उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या आकड्याने ओळखायचं नाही.

आता हाताने करायची एक गोष्ट. दहा-दहाच्या चाळीस नोटा समोर ठेवा. नसतील तर चाळीस शेंगदाणे घ्या. त्यातली एक नोट बाजूला सरकवा.

ढीग कमी झालेला दिसतसुद्धा नाही. मग हात कशामुळे रेंगाळतो? थोडा वेळ त्या रेंगाळण्याकडेच पाहा. आणि कुठली नोट उचललीत तेही. कोरी की फाटकी? या बाबतीत दोन शिकवणी समोरासमोर उभ्या आहेत. पैगंबरांनी मुआझ बिन जबल यांना येमेनला पाठवलं तेव्हा जकात श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांत वाटायला सांगितलं, आणि लोकांच्या कळपातली सगळ्यात उत्तम जनावरं उचलू नकोस, अन्याय झालेल्याच्या हाकेपासून जप, अशी ताकीद दिली. दुसरीकडे कुराण देणाऱ्याला बजावतं की स्वतःला मिळालं असतं तर डोळेझाक केल्याशिवाय घेतलं नसतं, असं वाईट निवडून देऊ नका. घेणाऱ्याने उत्तम मागायचं नाही, देणाऱ्याने निकृष्ट काढायचं नाही. हे दोन्ही आवाज एकदम ऐकू येऊ लागले की नोट निवडणारा हात सरळ होतो.

दर सगळीकडे चाळिसावा नाही. जमिनीत गाडलेला धनाचा हंडा सापडला तर पाचवा भाग द्यावा लागतो, म्हणजे २० टक्के. पावसावर आलेल्या पिकावर १०. मोट हाकून, पाणी देऊन काढलेल्या पिकावर ५. व्यापाराच्या मालावर आणि साठलेल्या पैशावर २.५. प्रत्येक पायरीला निम्मं होत जाणारी ही रांग पुन्हा एकदा मनात म्हणा. जिथे माणसाचा घाम कमी आणि निव्वळ मिळालेलं जास्त, तिथे वाटा मोठा. आपल्या संपत्तीतलं किती पावसासारखं आलं आणि किती मोटेने ओढलं, याचा प्रामाणिक अंदाज घ्यायला इथून सुरुवात करता येते. वडिलांनी घेऊन ठेवलेली जागा, नेमक्या वेळी जन्माला येणं, नेमक्या शाळेत नाव घातलं जाणं, हा सगळा पाऊसच.

आणि पेटीत नुसता पडून असलेला पैसा? एक लाख ठेवले आणि दरवर्षी जकात काढत राहिलात, तर दुसऱ्या वर्षी ९७,५००, तिसऱ्या वर्षी ९५,०६२ रुपये ५० पैसे, आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत निम्मे. खलिफा उमर यांच्या नावावर एक उपदेश सांगितला जातो: अनाथांचा पैसा व्यापारात लावा, नाहीतर जकात तो खाऊन टाकेल. पैशाने कुणाच्या तरी हाताला काम द्यावं, नाहीतर हळूहळू त्याच्या हाती जावं. कुराणाच्या एकोणसाठाव्या सुरेत संपत्ती फक्त श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये असं सांगितलं आहे, त्याचं हे चालतंबोलतं गणित.

आता जिथे मला तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ बसवायचं आहे तिथे आलो.

कुराणात भाविकांचं वर्णन करताना सत्तराव्या सुरेत म्हटलं आहे की त्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. हक्क, आणि तो त्यांच्या संपत्तीतच, आधीपासून. बाजूला सरकवलेल्या त्या नोटेकडे पुन्हा पाहा. ती तुमची होती आणि तुम्ही दिलीत, असं घडलेलंच नाही. चाळीस नोटांमध्ये ती मिसळून तुमच्या घरी आली होती. शेजारी गावाला जाताना घराची किल्ली आपल्याकडे ठेवतो आणि परत आल्यावर मागतो, तेव्हा आपण किल्ली ‘दिली’ असं चारचौघांत सांगत नाही, आणि त्याने आभार मानावेत म्हणून दारात उभेही राहत नाही. उलट किल्ली हरवली असती तर काय, या विचाराने आपल्यालाच घाम फुटतो.

हे नुसतं समजणं सोपं आहे. मुरायला वेळ लागतो. म्हणून असा एक माणूस मनात आणा, ज्याला तुम्ही आजवर दिलं आहे. त्याच्याशी बोलतानाचा तुमचा आवाज आठवा. तो किंचित मोठा होतो का? सल्ले देता का? त्याने मोबाइल नवा घेतला तर मनात हिशेब सुरू होतो का? एहसान दाखवून आणि दुखवून दान वाया घालवू नका, असं कुराण सांगतं. इमाम गझाली यांनी ‘इह्या’ या आपल्या ग्रंथात जकातीच्या आतल्या अदबीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. घेणाऱ्याने आपल्यावर उपकार केला असं देणाऱ्याने मानावं, इथपर्यंत ते जातात, कारण त्याने हात पुढे केला नसता तर हे देणं आपल्या मानेवरच राहिलं असतं.

हा पैसा कुणाला जातो ते नवव्या सुरेतली साठावी आयत ठरवते. आठ वाटेकरी आहेत: फकीर, मिसकीन, जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामीतून सुटणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गात असलेले आणि वाटसरू. सगळ्यांपाशी सारखं थांबायचं कारण नाही. कर्जदारापाशी मात्र थांबा. तो फाटक्या कपड्यांत नसतो. त्याची टपरी असते, कदाचित रिक्षा असते, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला तो फोन बंद ठेवतो. वाटसरूपाशीही थांबा. तो आपल्या गावी खाऊनपिऊन सुखी असेल, पण परक्या शहरात पाकीट आणि कागद गेल्यावर त्या दिवसापुरता तो जकातीचा हकदार असतो. आपल्यापैकी कुणीही एका रात्रीत या यादीत येऊ शकतो.

आणि जो मागतच नाही तो? पैगंबरांनी मिसकीन कुणाला म्हणावं हे सांगताना दारोदार घासभर मागत फिरणाऱ्याला बाजूला ठेवलं, आणि ज्याच्याकडे पुरेसं नाही, ज्याची परिस्थिती कुणाच्या लक्षात येत नाही, आणि जो लोकांपुढे हात पसरत नाही, तो खरा मिसकीन असं सांगितलं. रमजानमध्ये मशिदीबाहेर रांग लागते, मदरशांचे सफीर, म्हणजे देणगी गोळा करणारे प्रतिनिधी, पावतीपुस्तकं घेऊन दुरून येतात, ट्रस्टचे फलक लागतात. या सगळ्यात तो माणूस कुठेच नसतो. त्याला शोधणं हे देणाऱ्याचं काम आहे, आणि हे काम अडीच टक्क्यांपेक्षा जड आहे. तुमच्या गल्लीतली दारं एकेक करून मनात आणा. कुठल्या घरातला मुलगा शिकवणीला यायचा थांबला? कुठल्या घरी हल्ली मटणाचा वास येत नाही? घरात चोरून डोकावायचं नाही. लक्ष असावं, एवढंच.

आधी जवळच्यांकडे पाहायचं, असाच क्रम आहे. आई-वडिलांना, आजी-आजोबांना आणि मुला-नातवंडांना जकात देता येत नाही, कारण त्यांना सांभाळणं हे मुळातच आपलं कर्तव्य आहे. बहीण, भाऊ, खाला, फुफी, चाचा हकदार असतील तर त्यांना देण्याचं पुण्य दुहेरी सांगितलं आहे, दानाचं आणि नातं जोडण्याचं. पैगंबरांच्या घराण्यातल्यांना, सय्यदांना, ती घेता येत नाही. त्यांच्यासाठी हात लावायचा तो आपल्या उरलेल्या एकोणचाळीस भागांना. बहुसंख्य फकीहांच्या, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांच्या, मते जकात मुसलमान गरिबांसाठी आहे, आणि ऐच्छिक सदका कुणाही गरजवंताला. तरी अबू युसुफ यांनी ‘किताब अल-खराज’मध्ये एक प्रसंग नोंदवला आहे. दारावर भीक मागणारा एक आंधळा, म्हातारा ज्यू खलिफा उमर यांना दिसला. त्यांनी त्याला घरी नेऊन काही दिलं, मग बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून, त्याची सोय लावली आणि तसं करताना आठ वाटेकरी सांगणाऱ्या त्याच आयतीतल्या मिसकीनांचा आधार घेतला. माझ्या शेजारच्या घरातला उपाशी माणूस कुठल्या धर्माचा, या प्रश्नाशी मी जेव्हा जेव्हा येतो तेव्हा मला हा प्रसंग आठवतो.

देण्याची रीतही पाहा. हनफी फिक्हमध्ये तमलीक लागते. पैसा हकदाराच्या पूर्ण मालकीचा व्हायला हवा. म्हणून जकातीतून मशीद बांधता येत नाही, मयताचं कफन घेता येत नाही, कारण तिथे घेऊन मालक होणारं कुणी नसतं. कुणी तुमचे दहा हजार देणं लागत असेल आणि ते माफ करून जकात फेडल्याचं धरायचं म्हटलं, तर तेही होत नाही. आधी दहा हजार त्याच्या हातात ठेवायचे. मग त्याने त्याच्या मर्जीने तुमचं देणं फेडलं तर फेडलं. त्या दोन क्षणांच्या मधल्या जागेत जरा राहून पाहा. पैसे त्याच्या हातात आहेत आणि तो निघून जाऊ शकतो. तुमचा काहीही ताबा उरलेला नाही. तिथे पोटात जे आवळतं, तेच सुटायला हवं. काही संस्थांमध्ये एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हातात रक्कम ठेवून तीच त्याच्याकडून संस्थेला देणगी म्हणून लिहून घेतात. त्याला हीला म्हणतात, अडचणीच्या वेळी मुफ्तींनी त्याला वाट दिली आहे. मला तो सवयीचा झालेला बघवत नाही. त्या मुलाने खरंच पैसे ठेवून घेतले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

नियत देणाऱ्याच्या मनात असली की पुरे. घेणाऱ्याला हे जकातीचं आहे असं सांगायची गरज नाही. भाच्याच्या हातात ईदी म्हणून द्या, बहिणीला पोरांच्या वह्यांसाठी म्हणून द्या, फर्ज उतरतं. एवढी मोकळीक असताना रेशन किट देताना गरिबाच्या हातात फलक देऊन फोटो काढायचा अट्टहास कशासाठी? ट्रस्टला हिशेब दाखवायचा असतो हे खरं. तो सहीने, पावतीने दाखवता येतो. चेहरा त्या माणसाचा आहे, तो जकातीच्या बदल्यात विकत मिळत नाही.

हा हिशेब मागायचा कुणी, याची रीत बदलत आली आहे. पैगंबरांच्या निधनानंतर, इ.स. ६३२ मध्ये, काही टोळ्यांनी जकात द्यायला नकार दिला तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं, इतकी जकात ही सार्वजनिक बाब होती. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात सोनं-चांदी-रोकड या झाकलेल्या संपत्तीचा हिशेब मालकाच्या इमानावर सोपवला गेला, असं हनफी ग्रंथ सांगतात. पाकिस्तानात १९८० पासून बँका रमजानच्या पहिल्या तारखेला बचत खात्यांतून अडीच टक्के परस्पर कापू लागल्या, आणि आदल्या दिवशी खाती रिकामी करणारेही तयार झाले. आपल्या देशात कापणारं कुणी नाही. ताट तुमचं, चाकू तुमचा, आणि पाहणारा एकच.

एवढं सगळं मनात फिरवल्यावर रमजानचा शेवट जवळ आणा. तेव्हा फितरा द्यायचा असतो, घरातल्या प्रत्येक जिवामागे, तान्ह्या बाळाचाही. शाफई मसलकात तो धान्याच्या रूपात द्यायचा, जिथे जे मुख्य अन्न त्याचा, माणशी एक साअ या मापाने. कोकणात म्हणजे तांदूळ, साधारण अडीच-तीन किलो. इथे निसाबची अट नाही. ईदच्या दिवस-रात्रीपुरतं घरच्यांचं भागून ज्याच्याकडे काही उरतं, त्याच्यावर फितरा लागू होतो. म्हणजे विसाव्या रोज्याला जिने जकात घेतली, तीच ईदच्या चंद्ररात्री आपल्या पोरांच्या नावाने तांदूळ मोजायला बसते. त्या रात्री ती देणाऱ्यांत असते. ते तांदूळ ईदच्या नमाजाआधी तिच्याहून अडलेल्या कुणाच्या तरी घरी पोचवायचे असतात.